दार कितपत उघडं ठेवू

डॉक्टर खुर्चीवरून उठले, खोलीच्या दारापाशी गेले आणि त्यांनी ते दार तीन-चार वेळा उघडून मिटलं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी माना वर केल्या, आपला नंबर लागला की काय म्हणून. दार कुरकुरत होतं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सवयीप्रमाणे आधी बिजागरीकडे बघितलं.

"तुम्ही सुतार ना? मग तुम्हाला लवकर कळेल," डॉक्टर म्हणाले. "कोपर म्हणजे ही अशी बिजागरी. खांद्याचं तसं नाही, तो उखळातल्या मुसळासारखा चहूकडे फिरतो. मान खुंट्यावरच्या जात्यासारखी, डावीकडे वळते, उजवीकडे वळते. मनगटातली बारीक हाडं एकमेकांवरून सरकतात. कोपराला मात्र एकच चाल. उघडायचं आणि मिटायचं."

आण्णांनी मान डोलावली. आई माझ्या शेजारी उभी होती, तिचं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे होतं. तो मी डाव्या हाताने पोटाशी धरून बसले होते.

"हिची ही बिजागरी क्षयानं खाल्ली. वर्षभराच्या इंजेक्शनांनी रोग थांबलाय, पण सांधा काही उरला नाही. असाच लुळा ठेवला तर जन्मभर कळा येणार. म्हणून मी दोन्ही हाडं एकमेकांना जोडून टाकणार आहे. दारच खिळे मारून ठोकून टाकायचं म्हणा ना. एकदा ठोकलं की दुखणार नाही आणि हलणारही नाही. मला तुमच्याकडून एवढंच हवंय, की दार कितपत उघडं ठेवून ठोकू?"

आण्णांना प्रश्न कळला होता, पण उत्तर आपण द्यायचंय हे काही त्यांच्या गळी उतरेना. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते ठरवा. डॉक्टर म्हणाले, ठरवलं असतं, पण त्या हातासोबत राहायचं हिला आहे. सरळ ठेवला तर हात अंगालगत खाली राहील, चटकन कुणाच्या नजरेत येणार नाही. वाकडा ठेवला तर कामाला येईल, पण कायम पुढे दिसेल. मग त्यांनी स्वतःचा हात कोपरात वाकवून दाखवला. "एवढा. आठ दिवस सरळ बांधून बघा, आठ दिवस असा बांधून बघा. पंधरा दिवसांनी सोमवारी या आणि मला सांगा."

आण्णा म्हणाले, बांधायचं लाकूड मी घरीच घडवतो. डॉक्टर हसले आणि बरं म्हणाले.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. आता सत्तरीला आले. मधे बरंच काही होऊन गेलं, पण ती पंधरा दिवसांची गोष्ट मला अजून दिवसवार आठवते.

आमचं गाव तासगावकडचं. पंचक्रोशीत आण्णांच्या हातची दारं प्रसिद्ध होती. चौकट त्यांनी बसवली की दार आपल्या वजनाने हळूच मिटायचं, फट म्हणून राहायची नाही. याचं सगळं श्रेय ते गुण्याला, काटकोन तपासायच्या त्या हत्याराला, द्यायचे. चौकटीचा प्रत्येक कोपरा गुण्या लावून बघायचे, आणि सुताभर जरी फरक निघाला तरी सांधा उकलून पुन्हा करायचे. काटकोनात नसलेल्या वस्तूकडे बघितलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. लग्नाच्या मांडवाचा खांब तिरका दिसला म्हणून जेवणाच्या पंगतीतून उठलेला माणूस तो.

त्यांनी पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं. पटाशीने आतून कोरून, रंध्याने बाहेरून तासून, हात आत बसेल अशा दोन पन्हळी केल्या. एक सरळसोट. दुसरी दोन तुकड्यांची, मध्ये सांधलेली. ती सांधताना त्यांनी गुण्या आत धरला, बाहेर धरला, उजेडाकडे करून पाहिला आणि समाधानाने बाजूला ठेवला. चोख काटकोन होता. दोन्ही पन्हळी आईने भिंतीच्या खुंटीला अडकवल्या, टोपल्या अडकवाव्यात तशा.

आधी वाकडी बांधली. खरं सांगते, त्या आठ दिवसांत मी सुखात होते. वर्षभर मागच्या खोलीत पडून होते, ताट वेगळं, तांब्या वेगळा, धाकटी बहीण वत्सला उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथूनच बोलायची. आता विळीवर भाजी धरता येत होती. पाटी मांडीवर घेऊन नाव लिहिता आलं. केसांचा अर्धा पेड माझा मीच घातला. फक्त जेवताना पंचाईत व्हायची. हात तोंडापासून चार बोटं अलीकडे थांबायचा. मग मी मान खाली घालून, पाठीला पोक काढून, तोंडच घासापर्यंत न्यायची. आमटी मांडीवर सांडायची. आईने मांडीवर जुनं लुगडं टाकायला सुरुवात केली. मला त्याचं काही वाटलं नाही. उजव्या हाताने जेवत होते, तेवढं पुरे होतं.

मग सरळ पन्हळ आली.

पहिल्याच जेवणाला आई भरवायला बसली. वीस वर्षांच्या मुलीला आई भरवते, यात कौतुक दोन घासांपुरतं असतं. तिसऱ्या घासाला मी म्हटलं, मला करून बघू दे. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे सांधे मी कामाला लावले. खांदा गोल फिरवला, वर नेला, मागे नेला. मनगट आत वळवलं. मान जात्यासारखी या बाजूला, त्या बाजूला. हात सगळीकडे जात होता, छपराच्या वाशाला लागत होता, पायाच्या अंगठ्याला लागत होता. तोंडापासून मात्र तो कायम हातभर लांब. डाव्या हाताने भाकरी उचलली तर आईने ताट ओढून घेतलं. डाव्या हाताने जेवायचं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं, दुखण्यातसुद्धा. पन्हळ काढून ठेवावी म्हटलं तर कोपर लुळं पडून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधार. मी त्या लाकडात चारही बाजूंनी अडकले होते आणि मला फार रडू यायचं.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी रंगूमामा आला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, पंचवीस-तीस लग्नं जुळवलेला. त्याने एक स्थळ आणलं होतं. माणसं विट्याची, मुलगा एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला, नाव सदाशिव. घरात आई राधाक्का, तिचा शब्द शेवटचा. रविवारी बघायला येतायत म्हणाला.

आई म्हणाली, हाताचं काय सांगायचं? मामाने मला समोर उभी केली. पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतला, लांब बाहीचं पोलकं असतं तर कसं दिसेल ते डोळे बारीक करून बघितलं, आणि म्हणाला, "कळत बी न्हाई की."

तिथेच सगळं ठरलं. क्षयाचं नाव काढायचं नाही. आता पन्हळ बाहीच्या आत बांधायची. लग्नाआधी पडली, हात मोडला म्हणून सांगायचं आणि ऑपरेशन उरकून घ्यायचं. पण त्यासाठी हात सरळच ठोकून घ्यायला पाहिजे.

आण्णा दारात बसले होते. ते म्हणाले, "डाक्टर म्हणाल्यात, तिला ठरवू द्या म्हणून."

"दाजी, तिला काय कळतंय?" मामा म्हणाला. "अन् वाकडीत तरी हात कुठं पोचत हुता? मांडीवर सांडतंच हुतं की. मग जो झाकतोय तो ठेवा. वाकडा कुठं झाकशीला? हिचं न्हाई जमलं तर वत्सलाला कोण ईल बघाया?"

वाकडी पन्हळ आण्णांनी स्वतः बनवली होती, गुण्या लावून, आणि तरी ती तोंडापर्यंत पोचत नव्हती. ते उठून पडवीत गेले.

माझ्याबद्दल खोटं कशाला सांगू? मलाही त्या मागच्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. नवऱ्याच्या घरी मला भरवणार कोण, हे मी स्वतःला विचारलं होतं. पण वीस वर्षांची मुलगी असल्या प्रश्नाला काहीतरी होईल असं उत्तर देते, आणि मीही तेच दिलं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. सदाशिव खाली मान घालून बसला होता, पोरगा साधा वाटला. राधाक्का थोराड बांध्याच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज पंचायतीत बोलल्यासारखा. मी पोह्यांच्या बश्या दिल्या. सरळ हाताने बशी द्यायची म्हणजे कमरेतून वाकूनच द्यावी लागते. मी प्रत्येकासमोर वाकत गेले. राधाक्का म्हणाल्या, किती अदबीनं देती पोर. मग मी सगळ्यांच्या पाया पडले. त्याला तर तो हात जणू मुद्दामच घडवला होता, कोपर न मोडता थेट पावलांना. मामाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

शिवण येतं का, त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, येतं. भाकरी थापती का? मामा म्हणाला, फर्मास. मला त्यातलं काहीही येणार नव्हतं, त्या हाताने कधीच. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

राधाक्कांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान हलवली. मामाने पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवला होता, तो त्याने सोडला. राधाक्कांनी एक पेढा घेतला, माझा उजवा हात पुढे करायला लावला आणि तळव्यावर ठेवला.

"घाल तोंडात. पसंत हाईस आम्हाला."

मी पेढा घेऊन उभी. हात समोर, ताठ.

"खाईल नंतर. लाजती," मामा म्हणाला.

"लाजायचं काय त्यात? ही आमच्याकडची रीत हाय. सासूनं दिल्यालं सासूच्या म्होरं खायाचं, उजव्या हातानं. मग मी उठते."

त्या खरंच बसून राहिल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आण्णा खांबाला टेकून उभे होते. डाव्या हाताने खावा तर अपशकुन. न खावा तर सोयरीक नाकारली. पन्हळ बाहीच्या आत, गाठी तीन, आणि पेढा माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.

कसं सुचलं कुणास ठाऊक. मी एक पाऊल पुढे झाले, खांद्यातून हात उचलला आणि पेढा राधाक्कांच्या तोंडापाशी नेला.

त्या चपापल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. पेढा खाता खाता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "तीन पोरं वाढवली मी. आजवर एकानं घास भरवला न्हाई."

मग काय विचारता. सदाशिवच्या चुलत्याने बैठकीतूनच पोरगी शंभरात एक असल्याचं जाहीर केलं. मामाची छाती फुगली. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघू असं बोलणं झालं. मला सगळ्यांनी आशीर्वाद दिले आणि मी परत एकदा सगळ्यांच्या पाया पडले.

आई आणि मामा पाहुण्यांना गाडीवर घालवायला गेले. वत्सलाही गेली, आण्णाही कुठे दिसत नव्हते. घरात मी एकटी होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. पुड्यात पेढे होते. मी उजव्या हाताने एक उचलला. डाव्या हाताने खाल्ला असता तर बघायला कुणी नव्हतं. पण मला तो याच हाताने खायचा होता, हट्टच म्हणा. हा हात मला एवढं तरी देतो का, ते मला बघायचं होतं.

पडवीत आण्णांचं कामाचं बाकडं होतं. मी पेढा त्याच्या कडेवर ठेवला आणि वाकून, भुश्यात तोंड घालून, वासरू आंबोणाच्या पाटीला लागतं तशी तो खायला गेले. पेढा घरंगळून खाली पडला. मी मान वर केली तर आण्णा पडवीच्या पायरीवर उभे होते.

मी आत निघून गेले. दिवेलागणीपर्यंत बाकड्यावर रंध्याचा आवाज येत होता. आई परत आल्यावर म्हणाली, लग्नाचे पाट करायला घेतले वाटतं आतापासून. मला वाटलं, सरळ पन्हळ बाहीतून दिसू नये म्हणून आणखी पातळ करणार असतील. बांधलेली तर माझ्याच हाताला आहे, मग ते काय तासतायत, एवढाही विचार मी केला नाही.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आई घरी राहिली, मामा बरोबर आला. आण्णांच्या खांद्याला हत्यारांची थैली होती, ती त्यांच्या खांद्याला कायमच असायची.

डॉक्टरांनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"सरळ," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी मामाकडे बघितलं, मग आण्णांकडे. आण्णा दाराच्या बिजागरीकडे बघत होते. मग डॉक्टरांनी मला विचारलं. मला आदल्या दिवशीचा भुसा अजून दातांत लागत होता.

"वाकडा," मी म्हटलं.

मामा माझ्यावर जवळजवळ धावून आला. घर बुडवतीस का, म्हणाला. बहिणीचा विचार कर, म्हणाला. लोकांना शब्द दिलाय. मी डॉक्टरांकडेच बघत बोलले, कारण मामाकडे बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

"सरळ हात सगळ्यांच्या पायांपर्यंत पोचतो, डॉक्टरसाहेब. सासूच्या तोंडापर्यंत पोचतो. माझ्याच तोंडापर्यंत पोचत नाही. मला माझ्या हातानं जेवायचंय."

"अगं पण वाकड्यानं तरी कुठं जेवतीस?" मामा म्हणाला. "चार बोटं कमी पडतंय, तुझ्या आईनंच सांगितलंय. मान मोडून खातीस, निम्मं सांडतीस. मग त्यापरास झाकल्याला काय वाईट?"

हे खरं होतं. मला वाटलं, संपलं. डॉक्टर काहीतरी म्हणायला लागले तेवढ्यात आण्णांनी थैली खांद्यावरून काढली आणि टेबलावर ठेवली. आतून एक पन्हळ काढली. पांगाऱ्याची, ताजी तासलेली, मी कधी न बघितलेली. मध्ये सांधा होता, पण काटकोन नव्हता. चांगली आत वळलेली होती. गुण्यात न बसणारी वस्तू आण्णांच्या हातून घडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिली नाही.

"डाक्टर, तुम्ही तवा हात वाकवून दावला हुता," आण्णा म्हणाले. "त्यो काटकोनाच्या आत हुता. मी बघितलं हुतं. पण हाताला सवय गुण्याची, मी आपला काटकोनच केला. चूक माझी हाय. पोरीच्या हाताची न्हवं."

पुढचं आधीच सांगून टाकते. ऑपरेशन झालं. आण्णा स्वतः विट्याला गेले आणि त्यांनी राधाक्कांना क्षयापासून पन्हळीपर्यंत सगळं सांगितलं. राधाक्का फार चिडल्या. खोटं बोलून पोरगी गळ्यात मारत होता म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. सोयरीक मोडली. मामा दोन वर्षं आमच्या घरी आला नाही. वत्सलाचं लग्न तिच्या वेळेला झालं, माझं झालं नाही. मी बालवाडीत लागले आणि एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. हात कायम पुढे असतो, नव्या पोरांना वाटतं बाई काहीतरी मागतायत. सरळ पन्हळ आईने न्हाणीचं पाणी बाहेर जायला लावली, ती तिथे कुजेपर्यंत होती. या सगळ्याचं मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. काही वर्षं फार वाटलं.

पण त्या सोमवारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या हाताच्या गाठी सोडल्या, सरळ पन्हळ काढली आणि कळ यायच्या आत नवी बसवली. आण्णांनी पट्टी बांधली. त्यांची बोटं लाकडासारखी कडक होती, पण गाठ हलकी पडली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत कालचा पेढा होता, बाकड्यावरून पडलेला. त्याचा भुसा त्यांनी पुसून काढला होता, तरी एका बाजूला थोडा राहिला होता. पेढा त्यांनी माझ्या उजव्या हातात दिला.

"मान खाली घालायची न्हाई," ते म्हणाले. "ताठ बसून बघ."

मी ताठ बसले. हात उचलला. मामा दाराकडे तोंड करून उभा होता. डॉक्टर चष्मा काढून बघत होते.

"पोचतंय का?" आण्णांनी विचारलं.

माझ्या तोंडात पेढा होता, त्यामुळे मला लगेच उत्तर देता आलं नाही.